नोकरी सोडण्यापूर्वी पाच क्विंटल तूर

गेल्या मार्गशीर्षातील गोष्ट आहे. कपाशीची दुसरी वेचणी घरात आली होती, तूर शेंगांनी वाकली होती, आणि खामगाव येथील आमच्या कार्यालयात दुपारच्या वेळी थोडा निवांतपणा होता. अशा वेळी तालुक्यातील एक वयस्क शेतकरी आपल्या धाकट्या मुलास घेऊन आले. मुलगा चाकण येथे मोटारीचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यात कामास आहे. थोरला भाऊ गावी वडिलांबरोबर अकरा एकर कोरडवाहू जमीन कसतो.

"साहेब," वडील बसता बसता म्हणाले, "पोरगं पगार सोडतो म्हणते. तुम्हीच सांगा त्याले काही."

मुलाच्या हाती एक फाईल होती. तीत डाळ मिलच्या यंत्रांची तीन दरपत्रके, सातबाराचा उतारा व संगणकावर तयार करवून घेतलेला प्रकल्प अहवाल व्यवस्थित लावलेला होता. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "अनुदान किती टक्के मिळेल, साहेब?"

मी उलट विचारले, "तुमची डाळ घेणार कोण?"

तो थोडा वेळ गप्प राहिला व मग म्हणाला, "डाळ तर सगळेच खातात."

हा संवाद येथे देण्याचे कारण असे की, अशा फायली घेऊन येणाऱ्या तरुणांची संख्या आता थोडी राहिलेली नाही. २०२० सालच्या टाळेबंदीत पुणे, मुंबई, सुरत येथून गावी परतलेल्यांपैकी बरेचजण पुन्हा कामावर गेले; परंतु कंपनीची नोकरी ही एका दिवसात बंद होऊ शकते, ही गोष्ट त्यांच्या मनातून गेली नाही. पगार वेळेवर मिळतो, पण खोलीचे भाडे, खाणावळ व गावी येण्याजाण्याचा खर्च वजा जाता महिनाअखेर हाती फारसे उरत नाही. तेव्हा आपल्या गावी, आपल्या शेतमालावर, आपला धंदा असावा असे त्यांस वाटले तर त्यात वावगे काहीच नाही. वावगे आहे ते एवढेच की, राजीनामा पहिला, यंत्र दुसरे आणि गिऱ्हाईक तिसरे, असा क्रम बहुतेकांनी मनाशी धरलेला असतो.

खामगावास धंदा नवीन नाही. जलंब येथून खामगावपर्यंतचा लोहमार्ग १८७० साली सुरू झाला तो येथील कापसासाठीच. सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने येथे उभे राहिले, आणि चांदीच्या व्यवहारात या गावाचे नाव दूरवर झाले. परंतु या साऱ्या व्यापारात आपल्या खेड्यातील शेतकरी बहुधा माल आणून टाकणारा राहिला; मालाचे पुढे काय होते, तो कोणाच्या घरी जातो, हे जाणून घेण्याची संधी त्यास क्वचितच मिळाली. म्हणून धंद्यात उतरणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलास उणीव पडते ती पैशाची तर खरीच, पण त्याहून अधिक या ओळखीची.

सायकलीपासून नांगरापर्यंत

त्या दिवशी मी त्या तरुणास एक जुनी हकिकत सांगितली. आपल्यापैकी बहुतेकांच्या वडील-आजोबांच्या शेतात किर्लोस्कर नांगर चालला असेल. तो नांगर करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर हे नोकरी सोडूनच धंद्यात आले होते, हे मात्र फारजणांस ठाऊक नसते.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव भागातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण रंग ओळखण्यात दृष्टिदोष आड आल्याने ती वाट सोडावी लागली. मग ते यंत्रांची रेखाचित्रे काढण्यास शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. त्या काळी ही मानाची नोकरी होती. पुढे बढतीची पाळी आली तेव्हा त्यांस डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली, आणि १८९७ च्या सुमारास लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली.

येथपर्यंतचा भाग सांगून पुष्कळ लोक थांबतात. अपमान झाला, बाणेदारपणे राजीनामा दिला आणि मोठे कारखानदार झाले, असा त्याचा अर्थ लावला जातो व तो ऐकून तरुणांचे रक्त उसळते. पण त्या राजीनाम्याच्या आधीची हकिकत अधिक उपयोगाची आहे. मुंबईत नोकरी चालू असतानाच लक्ष्मणरावांनी सायकल हे त्या वेळचे नवे वाहन पाहिले, ते स्वतः चालविण्यास शिकले, आणि तेथून सायकली मिळवून बेळगावी आपले बंधू रामूअण्णा यांजकडे पाठवू लागले. रामूअण्णा त्या विकत आणि घेणाऱ्यांस चालविण्यास शिकवीत. म्हणजे एक भाऊ पगारावर शहरात, दुसरा भाऊ गावी गिऱ्हाइकांजवळ, आणि दोघांमध्ये मालाची ये-जा, अशी ही व्यवस्था होती. लक्ष्मणराव नोकरी सोडून आले तेव्हा ते रिकाम्या जागेत आले नाहीत. चालत्या दुकानात आले.

दुकानातून ते शेतीच्या अवजारांकडे वळले. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र केले आणि १९०३ साली लोखंडी नांगर. आता गंमत पाहा. नांगर चांगला होता, खोल चालत होता, परंतु तो कोणी घेईना. लोखंडाने जमिनीत विष भिनते, असा समज शेतकऱ्यांत होता. पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. मला स्वतःला वाटते की, त्या शेतकऱ्यांस केवळ अडाणी म्हणून सोडून देणे बरोबर होणार नाही. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर दुरुस्त करून देत असे. लोखंडी नांगराचा फाळ झिजला तर रोख पैसे मोजून शहर गाठावे लागणार होते. नवी वस्तू विकणाऱ्याने अशा अडचणी गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहावयास हव्यात.

सांगावयाचा मुद्दा हा की, उत्तम वस्तू तयार असूनही दोन वर्षे विक्री नाही, असा काळ धंद्यात येतो. लक्ष्मणरावांच्या पाठीशी सायकलींच्या व्यवहारात मिळविलेला अनुभव व बाजारातील पत होती. म्हणून ते त्या दोन वर्षांत टिकले. त्यानंतरही संकटे चुकली नाहीत. बेळगाव येथील जागा नगरपालिकेच्या विस्तारामुळे सोडावी लागली. तेव्हा औंध संस्थानाच्या अधिपतींनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान व कर्जाऊ रक्कम दिली, आणि १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसू लागली. नोकरी सोडल्यापासून हा काळ सुमारे तेरा वर्षांचा होतो. प्रकल्प अहवालात तीन वर्षांत कर्जफेड दाखविणाऱ्यांनी हा आकडा एकदा मनात आणून पाहावा.

आपल्या शेजारच्या खानदेशातील दुसरे उदाहरण थोडक्यात सांगतो. जळगावचे भवरलाल जैन यांस सरकारी अधिकाऱ्याची नोकरी मिळत होती. ती न स्वीकारता त्यांनी १९६३ साली घरच्या सात हजार रुपयांच्या बचतीवर रॉकेलची विक्री सुरू केली. पुढे शेतीस लागणाऱ्या वस्तूंच्या एजन्सी घेतल्या. प्रक्रियेच्या कारखान्यात ते उतरले १९७८ साली, पाइपांच्या उत्पादनात १९८० साली, आणि ठिबक सिंचनात १९८० च्या दशकाच्या अखेरीस. येथेही विक्री आधी व कारखाना नंतर. मधली पंधरा वर्षे शेतकऱ्यांच्या दारात गेली.

थोडे स्वतःविषयी

हे सर्व मी पुस्तकी शहाणपणातून सांगत आहे, असे वाचकांस वाटू नये म्हणून एक गोष्ट कबूल करतो. कृषी पदवी घेतल्यावर मी एका खासगी कंपनीत निविष्ठांच्या विक्रीचे काम चार वर्षे केले. दर महिन्याचे विक्रीचे उद्दिष्ट, मोटारसायकलवर रोजचा शंभर-सव्वाशे किलोमीटरचा प्रवास, आणि न पटणारी औषधे शेतकऱ्याच्या माथी मारावी लागणे, यांस कंटाळून मी नोकरी सोडली व दोन मित्रांसह कृषी सेवा केंद्र उघडले. दुकान थाटात सुरू झाले. जून-जुलैत माल भराभर गेला. मात्र तो सारा उधारीवर गेला. ऑक्टोबरात वेचणीच्या तोंडावर पाऊस लागला, कापूस झाडावरच भिजला, आणि उधारी मागण्यास ज्यांच्या दारी जावे त्यांच्या डोळ्यांकडे पाहवेना. वसुली अडकली, पण घाऊक व्यापाऱ्याची बिले अडकली नाहीत. दुसऱ्या वर्षाअखेर आम्ही दुकान बंद केले. पत्नीच्या दोन बांगड्या त्यात गेल्या. त्या अद्याप करावयाच्या राहिल्या आहेत. त्यानंतर स्पर्धा परीक्षा देऊन मी या खात्यात आलो.

म्हणजे धंदा सोडून पगाराकडे आलेला मनुष्य पगार सोडून धंद्याकडे निघालेल्यास सल्ला देत आहे. हा विरोध मलाही दिसतो. पण कोठे पाय घसरतो, हे घसरलेल्यास अधिक नीट ठाऊक असते. आमच्याकडे ज्ञान कमी नव्हते, मेहनतही कमी नव्हती. एका हंगामाची वसुली बुडाली तर घर व दुकान कशावर चालवावे, याचा हिशेब आम्ही कधी कागदावर मांडलाच नव्हता.

डाळ मिलचा हिशेब

मग त्या तरुणास घेऊन मी कागदावर हिशेब मांडला, तो असा.

२०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी तुरीची आधारभूत किंमत क्विंटलला ८,००० रुपये ठरली होती. बाजारभाव याच्या वर-खाली असतो, पण हिशेबापुरती हीच किंमत धरू. पन्नास क्विंटल तूर घ्यावयाची तर चार लाख रुपये एकरकमी लागतात. तूर बाजारात येते ती मुख्यतः डिसेंबर ते फेब्रुवारीत. वर्षभर मिल चालवावयाची असेल तर कच्चा माल याच दिवसांत भरून ठेवावा लागतो. फाईलमधील प्रकल्प अहवालात यंत्राची किंमत, शेडचा खर्च, वीज जोडणी, सारे काही होते. कच्च्या मालासाठी खेळते भांडवल मात्र फक्त एक लाख धरलेले होते. म्हणजे साडेबारा क्विंटल तूर संपली की यंत्र झाकून ठेवावयाचे.

पुढे पाहू. शंभर किलो तुरीपासून सत्तर किलो डाळ निघाली, तर पन्नास क्विंटलची पस्तीस क्विंटल होते. चार लाखांस साडेतीन हजार किलोंनी भागिले असता एका किलो डाळीत सुमारे ११४ रुपयांची तूर पडते. चुनी व टरफल जनावरांच्या खाद्यासाठी विकून त्यातील काही परत मिळते. मजुरी, वीज, पिशवी, वाहतूक व कर्जाचे व्याज वेगळे. आता यंत्र नीट लावता आले नाही, किंवा तुरीस तेल-पाण्याचा हात बरोबर बसला नाही, आणि सत्तरऐवजी पासष्ट किलोच डाळ निघाली, तर तीच तूर किलोमागे १२३ रुपयांची पडते. हा नऊ रुपयांचा फरक दिसण्यास लहान आहे, परंतु लहान मिलवाल्याचा सारा नफा एवढ्यात जाऊ शकतो. म्हणून यंत्र विकत घेण्याच्या आधी यंत्रावर काम केलेले असणे अगत्याचे आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली लहान डाळ मिल आपल्या भागात अनेक ठिकाणी चालू आहे. अशा ठिकाणी पंधरा दिवस, पदरची भाकरी बांधून नेऊन, काम शिकावे. यंत्राचा आवाज बदलला म्हणजे काय बिघडले, हे दरपत्रकात लिहिलेले नसते.

अनुदानाविषयी त्याने पुन्हा विचारले. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख रुपये, अशी तरतूद आहे. हे अनुदान बँकेच्या कर्जाशी जोडलेले असते. ते रोख हाती पडत नाही, कर्जखात्याकडे जाते. योजनांची मुदत व अटी बदलत असतात, म्हणून अर्ज करतेवेळी सध्याची स्थिती कार्यालयात विचारून घ्यावी. कृषी पदवीधरांसाठी २००२ पासून कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्राची योजना असून तीत ४५ दिवसांचे प्रशिक्षण मिळते. अनुदानाचा उपयोग जरूर करावा. परंतु ज्या धंद्याचा हिशेब अनुदानावाचून मुळीच जुळत नाही, तो अनुदान घेऊनही फार दिवस जुळत नाही, असे माझे मत झाले आहे.

नोकरीकडील हिशेबही आम्ही पाहिला. त्याची सलग सेवा चार वर्षे सात महिने झाली होती. कायम नोकरीत सलग पाच वर्षे झाली म्हणजे उपदानाचा, ज्यास आपण ग्रॅच्युइटी म्हणतो, हक्क मिळतो. दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन या हिशेबाने ती रक्कम येते. त्यास हे ठाऊकच नव्हते. पाच महिने थांबल्याने जे पदरात पडते ते रागाच्या किंवा उत्साहाच्या भरात का सोडावे? तसेच भविष्य निर्वाह निधीची सारी रक्कम यंत्रात घालण्याचा त्याचा विचार होता. मी म्हटले, गावी आल्यावर घरखर्चास महिन्याला पंधरा हजार लागतील असे धरले, तरी वर्षाचे एक लाख ऐंशी हजार होतात. एवढी रक्कम पत्नीच्या नावे वेगळी ठेवावी आणि धंद्यासाठी तीस हात लावू नये. यावर वडिलांनी प्रथमच मान डोलाविली.

"पण मग सुरुवात करावी तरी कधी?" मुलाने काहीशा नाराजीने विचारले.

"आजच करा," मी म्हणालो, "मात्र राजीनाम्याने करू नका. घरची पाच क्विंटल तूर घ्या. दुसऱ्याच्या मिलवर मजुरी देऊन डाळ करवून घ्या. साडेतीनशे किलोच्या आसपास होईल. अन्नसुरक्षेची नोंदणी करून घ्या, पिशव्या भरा, आणि तुमच्या कारखान्यातील सोबत्यांस, खोलीच्या आजूबाजूच्या घरांस विका. गावाकडून माल पाठविण्याचे काम दादा करतील. उधार देऊ नका. दुसऱ्यांदा कोण मागतो, त्याची नावे वहीत लिहा."

याप्रमाणे एक-दोन हंगाम गेल्यावर मिल बसवावयाची झाली, तरी पहिल्या वर्षी स्वतः तूर विकत घेण्याऐवजी गावकऱ्यांची तूर मजुरीवर भरडून द्यावी. त्यात नफा थोडा, पण भांडवल अडकत नाही, हात बसतो, आणि कोणाकडील तूर कशी असते हे कळते.

ग्रामपातळीवर काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांसही येथे दोन शब्द सांगणे जरूर वाटते. असा तरुण आपल्याकडे आला की, आपण त्यास अर्जाचा नमुना देतो व प्रस्तावांच्या संख्येत एकाची भर पडते. तो नमुना देण्यापूर्वी त्याच्या घरी एकदा जाऊन यावे. घरातील बायकामाणसांशी बोलावे, कारण तेलाचा हात लावणे, वाळवण, निवड ही कामे त्यांच्याच अंगावर येणार असतात आणि त्यांस बहुधा कोणी विचारलेले नसते. घरावर आधीचे पीककर्ज किती, थकबाकी आहे काय, हे पाहावे. आणि नोकरी सोडू नका, असेही सांगू नये. कोणाच्या आयुष्याचा तसा निर्णय देण्याचा आपणांस अधिकार नाही. त्याचा हिशेब त्याच्याकडून त्याच्या अक्षरात लिहवून घ्यावा, एवढे पुरे.

तो तरुण त्या दिवशी फारसा समाधानाने गेला नाही. मलाही वाटले की, आपण त्याचा हुरूप मोडला. पुन्हा तो येईल असे वाटत नव्हते.

वैशाखात तो आला. या खेपेस फाईल नव्हती. शंभर पानी वही व कागदाच्या पुडीत मूठभर डाळ होती. पाच क्विंटलची तीनशे चाळीस किलो डाळ झाली होती. तीपैकी दोनशे दहा किलो चाकणला विकली गेली. एकोणीस गिऱ्हाइकांनी दुसऱ्यांदा मागितली. साठेक किलोबद्दल मात्र तक्रार आली. पिशवी उघडताच कुबट वास येतो म्हणून आठजणांनी परत केली, आणि त्याने त्यांचे पैसे परत दिले. राहिलेली डाळ घरी व नातेवाइकांत गेली.

मी पुडीतील डाळ हातात घेऊन पाहिली, दाताखाली धरली. ती कडक वाजली नाही, दबली. पाण्याचा हात लावल्यावर वाळवण पुरेसे झालेले नव्हते; ओली राहिलेली डाळ तशीच प्लास्टिकच्या पिशवीत बंद केली गेली होती. त्या आठवड्यात आभाळ होते, असे त्याने सांगितले. आभाळ असेल तर भरडाईच पुढे ढकलावी, डाळ पातळ पसरून दिवसातून तीनदा हालवावी, आणि पूर्ण गार झाल्याखेरीज पिशवीत भरू नये, हे मी सांगितले. ते त्याने वहीत लिहून घेतले.

त्याची नोकरी अद्याप चालू आहे. पाच वर्षे गेल्याच महिन्यात पुरी झाली. येत्या हंगामात पंधरा क्विंटल भरडण्याचा त्याचा विचार असून त्यासाठी थोरल्या भावाने अंगणात सिमेंटचे खळे करून घेतले आहे. जाता जाता त्याने विचारले की, आभाळाच्या दिवसांत उपयोगी पडेल असे सौर वाळवणीचे यंत्र कोठे पाहावयास मिळेल. मी त्यास अकोल्याचा पत्ता दिला.